आजार कंपनीला सांगणं आणि माहितीला ‘सहमत’ म्हणणं

गेल्या दिवाळीत अमळनेरला मामांच्या ओट्यावर टर्म इन्शुरन्सचा फॉर्म भरणं चाललं होतं. मधुमेह? रक्तदाब? कधी दवाखान्यात भरती? एजंटचा पेन ‘नाही’च्या रकान्यातून सरळ खाली उतरत होता. मामांच्या पाण्याच्या पेल्याशेजारी मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी पडलेली. मी तिकडे बोट दाखवलं, तर एजंट म्हणाला, ‘‘काही नही होस, भाऊ!’’ मामांचंही तेच मत होतं. शुगर लिहिली की गावभर होईल, आणि घरात मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती.

मग फोनवर ओटीपी आला. मामांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि स्क्रीनवर जिथे जिथे ‘सहमत आहे’ होतं, तिथे एजंटनेच खुणा केल्या.

इथेच आपली गल्लत होते. घरची गोष्ट घरात राहावी म्हणून आपण कंपनीपासून आजार लपवतो, आणि ती गोष्ट बाहेर जाण्याचं दार मात्र न वाचता उघडून देतो. प्रस्तावपत्रात, म्हणजे विम्याच्या त्या फॉर्ममध्ये, आजार सांगणं म्हणजे कराराची अट पाळणं. ‘सहमत’वर खूण करणं म्हणजे आपल्या माहितीचं कोण काय करू शकतो, याची परवानगी देणं. पहिल्यात हात आखडता घ्यायचा नाही, दुसऱ्यात घ्यायचा.

आधी सांगण्याचं. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणावरून ती नाकारता येत नाही. त्या तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला आणि महत्त्वाची बाब दडवल्याचं निघालं, तर दावा फेटाळता येतो. फसवणुकीचा हेतू नसेल तर भरलेले हप्ते तरी परत मिळतात. फसवणूक ठरली तर त्यांचीही खात्री नाही. ‘तीन वर्षं निभावली की झालं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण त्या तीन वर्षांत काही झालं, तर दावा घेऊन मामींनाच फिरावं लागेल, एजंटला नाही.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. कापसाचे किंवा केळीचे पैसे अडकले की हप्ता थकतो आणि पॉलिसी बंद पडते. ती पुन्हा चालू करताना तब्येतीचं निवेदन सहसा नव्याने द्यावं लागतं, आणि ती तीन वर्षं चालू केल्याच्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. मधल्या काळात बीपी सुरू झालं असेल तर तेही लिहायचं.

खरं लिहिलं म्हणजे विमा मिळतच नाही, असं नाही. शुगर आटोक्यात असेल तर बहुतेक वेळा हप्ता वाढतो, कधी निर्णय पुढे ढकलला जातो, कधी नकारही येतो. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेल्यांनी आपल्या कार्डावर ‘वाहक’ आहे की ‘रुग्ण’, हे नीट बघून तेच लिहावं. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. त्याने घाईत स्वतःला रुग्ण लिहून टाकू नये.

आता परवानगीचं. वैद्यकीय माहिती ‘संवेदनशील’ असल्याचं २०११ च्या आयटी नियमांतच म्हटलं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातली संमतीची मुख्य कलमं मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. त्यांत संमती ठरावीक कामापुरतीच घ्यायची, आणि दिली तितक्याच सहजपणे ती मागे घेता आली पाहिजे. परवानगी मागणारी सूचना मराठीतही मागता येईल. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण मामांनी खूण केलेलं सगळं इंग्रजीत होतं.

तोवरही शहाणपणाने वागता येतं. जोखीम तपासण्यासाठी आणि दाव्यासाठी कंपनीला माहिती लागतेच. ती परवानगी द्यावी. ‘सहयोगी संस्थांच्या ऑफर’साठीची खूण वेगळी असेल, तर ती काढून टाकावी. रिपोर्ट एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, कंपनीच्या पोर्टलवर स्वतः चढवावा. कंपनीने ठरवलेल्या लॅबमधला रिपोर्ट तर थेट त्यांच्याकडेच जातो, गावातून फिरत नाही.

मामांची पॉलिसी आली तेव्हा सोबत भरलेल्या फॉर्मची प्रत होती. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्यामुळे वेळ होता. मामांनी चष्मा लावून ते सगळे ‘नाही’ वाचले. मग वहीचा कागद फाडून स्वतःच्या अक्षरात कंपनीला लिहिलं : शुगर सात वर्षांपासून, गोळी दिवसातून दोनदा. हप्ता वाढून आला, तो त्यांनी भरला. वाढीव हप्त्याचा ओटीपी मात्र त्यांनी स्वतःच टाकला. मोठ्याने न वाचता.