कोड बदलला, तरी ब्राउझर जुनाच का चालवतो?

जावास्क्रिप्टची ओळ दुरुस्त केली, फाइल सर्व्हरवर चढवली, पान रिलोड केलं. तरी चूक जशीच्या तशी. डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या साधनात, ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) भलत्याच ओळीवर थांबतो. अशा वेळी ‘कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या प्रती) क्लिअर कर’ हा सल्ला हमखास मिळतो आणि बऱ्याचदा तो लागूही पडतो. पण त्याबरोबर जुनी प्रत कुठून आली याचा पुरावाही पुसला जातो. म्हणून आधी तपास, मग साफसफाई.

फाइल किती काळ ताजी मानायची, हे सर्व्हर ‘कॅशे-कंट्रोल’ या हेडरमधून, म्हणजे फाइलसोबत पाठवलेल्या सूचनेतून, सांगतो. ‘मॅक्स-एज’ ३६०० सेकंद असेल तर तासभर ब्राउझरने सर्व्हरला विचारायचीही गरज नाही. मुदत संपली की तो आपल्याकडच्या प्रतीची खूण, म्हणजे ‘ईटॅग’, पाठवून चौकशी करतो. फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर ३०४ एवढाच निरोप देतो, फाइल पुन्हा पाठवत नाही. ‘नो-कॅशे’ लिहिलं तरी प्रत साठवली जाते, फक्त वापरण्याआधी दर वेळी विचारावं लागतं. साठवूच नये असं वाटत असेल तर ‘नो-स्टोअर’ लिहावं लागतं.

खरी गंमत सर्व्हर मुदतीबद्दल काहीच बोलत नाही तेव्हा होते. मग ब्राउझर अंदाज बांधतो. फाइल शेवटची कधी बदलली ते पाहायचं आणि तेव्हापासून लोटलेल्या काळाच्या साधारण १० टक्के काळ ती ताजी धरायची. एचटीटीपी कॅशिंगच्या २०२२ च्या मानकातही, म्हणजे आरएफसी ९१११ मध्ये, हाच आकडा उदाहरणादाखल दिला आहे. समजा, एखादी फाइल २०० दिवस कुणी हात न लावता पडून आहे. आज ती कुणाच्या ब्राउझरने आणली, तर पुढचे २० दिवस तो पुन्हा न विचारता तीच वापरू शकतो. उद्या तुम्ही तिच्यातली चूक सुधारलीत, तरी त्याला पत्ता नाही. तर्क वाजवी आहे: आजवर बदलली नाही, तर इतक्यात बदलणार नाही. पण त्यामुळे सगळ्यात जास्त चिकटून बसते ती वर्षानुवर्षं न बदललेली फाइल, आणि तिला हात लावायची वेळ येते तेव्हा दुरुस्ती बहुधा तातडीची असते.

तपासाची जागा म्हणजे क्रोमच्या डेव्हटूल्समधला (डेव्हलपरसाठीच्या साधनांमधला) नेटवर्क टॅब. तिथे ‘साइज’च्या रकान्यात बाइट्सऐवजी मेमरी कॅशे, डिस्क कॅशे किंवा सर्व्हिस वर्कर (पान आणि नेटवर्क यांच्यामध्ये काम करणारी, साइटचीच स्क्रिप्ट) असं दिसलं की फाइल कुठून आली ते कळलं. पहिल्या दोन्हींसाठी ‘डिसेबल कॅशे’वर टिक करणं पुरतं. मात्र ही टिक डेव्हटूल्स उघडे असेपर्यंतच चालते, आणि वापरणाऱ्यांकडे ते उघडे नसतात. डेव्हलपरला सगळं ठीक दिसतं आणि तक्रारी मात्र थांबत नाहीत, याचं एक मोठं कारण हेच.

सर्व्हिस वर्करचं कोठार वेगळं. त्यात काय ठेवायचं आणि कधी टाकायचं, हे त्याचा स्वतःचा कोड ठरवतो. वरची टिक त्या कोठाराला लागू होत नाही. शिवाय नवा वर्कर आला तरी जुन्याच्या ताब्यातले टॅब बंद होईपर्यंत तो सहसा ताटकळत राहतो. त्यासाठी ॲप्लिकेशन टॅबमध्ये ‘अपडेट ऑन रिलोड’ किंवा ‘अनरजिस्टर’ वापरावं.

फाइल नेटवर्कवरून येऊनही जुनीच असेल, तर मधल्या सीडीएनवर, म्हणजे फाइलींच्या प्रती ठेवून त्या वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर, संशय घ्यावा. उत्तरातल्या ‘एज’ हेडरमध्ये प्रत किती सेकंदांची आहे ते लिहिलेलं असतं. डेव्हटूल्सचे ‘लोकल ओव्हरराइड्स’ चालू राहिले असतील, तर सर्व्हरच्या फाइलऐवजी तुमच्याच डिस्कवरची फाइल चालते. आणि सोर्स मॅप (चालणारा कोड मूळ ओळींशी जोडणारी फाइल) जुना असेल, तर चालणारा कोड नवा असूनही पडद्यावर ओळी जुन्या दिसतात.

कायमचा इलाज सर्व्हरच्या बाजूला आहे. फाइलच्या नावातच तिच्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे अक्षर-आकड्यांची छोटी खूण, घालायचा. मजकूर बदलला की नाव बदलतं, पत्ता बदलतो, आणि जुनी प्रत आपोआप बाद होते. मग ‘मॅक्स-एज’ ३१५३६०००, म्हणजे पूर्ण वर्ष, दिलं तरी चालतं. हे नवं नाव एचटीएमएल पानातून कळतं, म्हणून त्या पानाला मात्र ‘नो-कॅशे’ हवं. नवी आवृत्ती चढवताना जुन्या हॅशच्या फाइलीही काही काळ सर्व्हरवर राहू द्याव्यात, कारण सकाळपासून उघडा असलेला टॅब दुपारी त्यातलीच एखादी मागू शकतो.