‘डी’ म्हणजे दुसऱ्यांदा नव्हे

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ला आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजार-दुखापतींची नोंद करायचे कोड, लागू झाले, तेव्हापासून एक विनोद फिरतोय: ‘व्ही९७.३३एक्सडी’ म्हणजे म्हणे जेट इंजिनात दुसऱ्यांदा ओढला गेलेला माणूस! विनोद झकास, अर्थ चुकीचा.

उजव्या कानात मणी अडकला, तर कोड टी१६.१एक्सएक्सए. त्यातले दोन ‘एक्स’ नुसते जागा भरायला. सातवं अक्षर उपचाराचा टप्पा सांगतं: ‘ए’ म्हणजे प्रत्यक्ष उपचार चालू, मग डॉक्टर बदलले तरी ‘ए’च, ‘डी’ म्हणजे नंतरची, बरं होतानाची तपासणी, ‘एस’ म्हणजे मागे राहिलेला परिणाम. पोरानं पुन्हा मणी घातलाच, तर ती नवी घटना, म्हणून परत ‘ए’.