संत्र्याच्या पाच बिया आणि डॉयलनंतरचा होम्स

आमच्या वाचनालयाची यंदाची पुस्तकखरेदी एका मुद्द्यावर अडली. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी शेरलॉक होम्सच्या नव्या कादंबऱ्या मागितल्या, तर जुन्या सभासदांपैकी एका काकांनी विचारलं, “डॉयल मरून तं शंभर वर्षं होत आली. मंग हे कोनं लिहिलं? नकली माल कायले घेता बाप्पा?” आमचं वाचनालय ड वर्गाचं. एक खोली, चार कपाटं, आणि अनुदानाचा रुपया मोजून खर्च होतो. प्रश्न रास्त होता. पण ही ‘नकली’ पुस्तकं जवळजवळ खऱ्याइतकीच जुनी आहेत, आणि ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

आर्थर कॉनन डॉयल या लेखकाचा हा डिटेक्टिव्ह, होम्स, पहिल्यांदा छापून आला 1887 मध्ये. घराघरांत गेला तो जुलै 1891 पासून, ‘स्ट्रँड’ मासिकात दर महिन्याला एक पूर्ण गोष्ट येऊ लागली तेव्हा. त्याच वर्षी नोव्हेंबरात जे. एम. बॅरी या डॉयलच्या मित्राने होम्सची फिरकी घेणारा मजकूर छापलाही. सुरुवातीचं बरंचसं लेखन असं गमतीचं होतं. नाव थोडं वाकडं करायचं, भिंग हातात द्यायचं, तर्क फसवायचा. फ्रान्समध्ये मॉरिस लब्लांने 1906 मध्ये आपल्या आर्सेन ल्युपँ या चोराच्या गोष्टीत होम्सला नावानिशी आणलं आणि आक्षेप आल्यावर अक्षरं उलटीपालटी करून ‘हर्लॉक शोम्स’ करून टाकलं.

आमच्या पोरांनी मागितलेली पुस्तकं मात्र वेगळ्या जातीची आहेत. विडंबन करणारा होम्सकडे बाहेरून पाहून हसतो. इथे लेखक होम्सच्या गोष्टी सांगणाऱ्या त्याच्या मित्राच्या, वॉटसनच्या खुर्चीत बसतो आणि त्याच्याच बोलीत पुढची गोष्ट मनापासून सांगतो. इंग्रजीत याला पास्टिश म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याची नाममुद्रा लावून अभंग रचणं. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ असं लावून मागाहून अनेक अज्ञात हातांनी लिहिलं, आणि त्यातलं मूळ कोणतं हा वाद अजून मिटलेला नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा अशा भरीला त्यांनी फार कडक शब्द वापरले: “ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली.” नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. काकांचा आक्षेप नेमका हाच होता, आणि तो मला हलका वाटत नाही.

पण डॉयलच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. ताटात जागा त्याने स्वतःच मोकळी ठेवली होती.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचली गेलेली होम्सची गोष्ट म्हणजे संत्र्याच्या पाच बियांची. आमचा पट्टा संत्र्याचा, त्यामुळे नाव वाचूनच लोक पुस्तक उचलतात. लिफाफ्यातून पाच वाळक्या बिया येतात आणि ज्याला येतात तो मरतो. पहिल्या लिफाफ्यावर शिक्का असतो पाँडिचेरीचा, म्हणजे धमकीचा प्रवास आपल्याच देशातून सुरू होतो. ही गोष्टही नोव्हेंबर 1891 ची. तिच्या सुरुवातीला वॉटसन सहज सांगून जातो की 1887 सालच्या कितीतरी भानगडी माझ्या टिपणांत आहेत: भिकाऱ्यांच्या हौशी मंडळाची, बुडालेल्या सोफी अँडरसन जहाजाची, उफा बेटावरच्या पॅटरसन मंडळींची. नावं सांगतो, गोष्ट सांगत नाही. पुढे एका कथेत सुमात्राच्या राक्षसी उंदराचा उल्लेख येतो, आणि होम्स म्हणतो की ही गोष्ट ऐकायला जग अजून तयार नाही. आणखी एका कथेत कळतं, की लंडनच्या एका बँकेत वॉटसनचा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात न छापलेल्या प्रकरणांचे कागद आहेत. नंतरच्या कितीतरी कादंबऱ्यांची सुरुवात हा डबा उघडण्यापासून होते.

दुसरी मोकळी जागा तीन वर्षांची. डिसेंबर 1893 मध्ये डॉयलने होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यावर संपवलं आणि 1903 मध्ये परत आणलं. कथेच्या हिशेबात होम्स 1891 ते 1894 बेपत्ता होता. परतल्यावर तो दोनचार वाक्यांतच सांगतो, की सिगरसन या नावाने दोन वर्षं तिबेटात फिरलो, ल्हासाला गेलो. पुढचं वाचकाने समजून घ्यायचं.

एक प्रकरण मला फार भिडतं. आर्थर व्हिटेकर नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने होम्सची एक गोष्ट लिहून डॉयलकडे पाठवली. डॉयलने ती वापरली नाही, पण थोडे पैसे देऊन ठेवून घेतली. डॉयल 1930 मध्ये गेले. पुढे त्यांच्या कागदांत ती संहिता सापडली आणि 1948 मध्ये डॉयलची हरवलेली कथा म्हणून अमेरिकेत छापून आली. व्हिटेकर तेव्हा हयात होता. डॉयलचं जुनं पत्र त्याने जपून ठेवलं होतं, ते दाखवल्यावर सगळा उलगडा झाला. इतक्या वर्षांत त्याने त्या गोष्टीचा कुठे गवगवा केला नव्हता.

डॉयलच्या वारसांनी या लेखनावर बरीच वर्षं कडक पहारा ठेवला. एलरी क्वीन या अमेरिकन रहस्यकथाकाराने 1944 मध्ये अशा कथांचा संग्रह काढला, तो त्यांच्या विरोधामुळे बाजारातून मागे घ्यावा लागला. दहाच वर्षांनी डॉयलच्या मुलाने, एड्रियनने, जॉन डिक्सन कार यांच्यासोबत स्वतःच तशा कथांचं पुस्तक काढलं. खरी लाट आली ती 1974 मध्ये निकोलस मेयरच्या कादंबरीने. तिच्यात वॉटसन होम्सचं कोकेनचं व्यसन सोडवण्यासाठी त्याला व्हिएन्नाला फ्रॉइडकडे नेतो, आणि धबधब्यावरचा मृत्यू हे नुसतं निमित्त ठरतं. लॉरी किंग यांनी 1994 मध्ये निवृत्त, मधमाश्या पाळणाऱ्या होम्सला एका पंधरा वर्षांच्या मुलीचा गुरू केलं. जामयांग नोर्बू यांनी 1999 मध्ये ती तिबेटची दोन वर्षं लिहून काढली. होम्स मुंबईच्या बंदरात उतरतो आणि गोष्ट सांगतो किपलिंगच्या ‘किम’मधला बंगाली बाबू. अँथनी होरोविट्झची 2011 ची कादंबरी तर वारसांच्या संमतीनेच आली. आपल्याकडे डॉयलच्या लेखनावरच्या कॉपीराइटची मुदत 1980 अखेर संपली. अमेरिकेत शेवटच्या कथा मोकळ्या व्हायला 2023 साल उजाडावं लागलं.

मराठी वाचकाला उसन्या नायकाचं वावडं कधीच नव्हतं. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांना मराठी वेश चढवला, भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होती. मूळ कोणाचं हे कोणी विचारत नसे. आता विचारलं जातं, हे मला बरं वाटतं.

वाचनालयाच्या बैठकीत मी रिद्धपूरचा दाखला दिला. रिद्धपूर आमच्या मोर्शी तालुक्यातलंच. तिथे म्हाइंभटांनी, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून, महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. मूळ पोथी धामधुमीत हरवली, तेव्हा शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. पण कोणाची आठवण वेगळी पडली तर ती ‘वासना’ म्हणून नावासकट नोंदवली. कोणाचं काय आहे, हे वाचणाऱ्याला कळत राहिलं. धर्मग्रंथाची बरोबरी डिटेक्टिव्हशी करायची नाही. नोंदीची ती शिस्त तेवढी घ्यायची. नव्या कादंबऱ्या घ्यायच्या, पण वेगळ्या फळीवर ठेवायच्या, आणि कण्यावर ‘डॉयलनंतरचा होम्स’ अशी चिठ्ठी लावायची, असं ठरलं. काकांनी पहिली कादंबरी स्वतःच नावावर लावून नेली.

त्या पाच बियांच्या गोष्टीची आमच्या कपाटातली प्रत मी सातवीत असताना पहिल्यांदा घरी आणली. शेवटचं पान फाटलेलं होतं. ग्रंथपाल म्हणाले, “कोनं तरी लिहून लावलं हाय मांगं, वाचून पाह्य.” वहीचं रेघांचं पान, निळी शाई, डिंकाने डकवलेलं. डॉयलच्या शेवटात होम्स खुन्यांच्या कॅप्टनला पाच बिया पाठवतो, पण त्याचं जहाज वादळात बुडतं आणि लिफाफा पोचतच नाही. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या पानावर जहाज बंदराला लागतं. कॅप्टन लिफाफा फोडतो, बिया तळहातावर घेतो आणि एक बी नखाने दाबून पाहतो. त्याच्या टोळीच्या बिया जुन्या, खडखडीत वाळलेल्या असायच्या. हिचं साल अजून सुटलेलं नसतं, आत किंचित ओल असते. या बिया आपल्या गोणीतल्या नाहीत, हे त्याला तिथेच कळतं. तो मान वर करतो तर पोलीस फळीवरून जहाजावर चढत असतात.

लिहिणारा बागाईतदार असावा. पानाखाली नाव नाही.