कूलिंगचा हिशोब मागताना सरासरी करंट पाठवू नका

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड बोटींचं थर्मल मॉडेलिंग, म्हणजे कुठे किती उष्णता होईल याचा हिशोब, आमच्याकडून करून घ्यायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला मेसेज ठरलेला असतो, मोटर अमुक किलोवॅटची आहे, कूलर कुठला घेऊ? आम्ही करंटचा लॉग, म्हणजे क्षणाक्षणाची नोंद, मागतो, आणि लोक त्याची सरासरी काढून एकच आकडा पाठवतात. मग पुन्हा फोन, पुन्हा मेल, आठवडा यातच जातो.

सरासरी का चालत नाही ते सांगतो. केबलमध्ये आणि बॅटरीच्या सेलमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. बोट 10 मिनिटं 400 अँपिअर घेते आणि 10 मिनिटं काहीच घेत नाही, तर सरासरी 200 येते, पण 200 वर काढलेल्या उष्णतेच्या दुप्पट उष्णता प्रत्यक्षात होते. म्हणजे कूलर निम्म्या मापाचा निघाला. आणि बोट धक्क्याला लागली म्हणजे बॅटरीला विश्रांती असंही नाही, तेव्हाच तर फास्ट चार्जिंग सुरू होतं.

एका फेरीबोटीवर आम्ही स्वतः जाऊन बघितलं. समुद्राच्या पाण्याचा पंप मोटर चालू असेल तरच फिरेल असं वायरिंग होतं, त्यामुळे चार्जिंगची 20 मिनिटं पंप बंद. पाइपला हात लावला तर पाणी जागचं हलत नव्हतं. 1 टनाच्या बॅटरीत 5 किलोवॅट उष्णता 20 मिनिटं साठली की तापमान साधारण 6 अंशांनी चढतं, पुढच्या फेरीत ते पूर्ण उतरत नाही, त्यावर परत चार्जिंग. सकाळी सगळं ठीक, दुपारी बॅटरी आपणहून पॉवर कमी करायची. कूलर बदलायची गरजच नव्हती, वायरिंग बदललं.

दुसरं, समुद्राचं पाणी 25 अंश धरून हिशोब मागू नका. जगभर कुठेही जाणाऱ्या जहाजांसाठी क्लासचे (जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचे) नियम पाणी 32 आणि हवा 45 अंश धरतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यासाठी आम्हीही तेच धरतो. समुद्राच्या पाण्याने आतलं पाणी थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये आणखी चार-पाच अंश जातात, मग बॅटरी-इन्व्हर्टरमधून फिरणारं हे आतलं पाणी 36-37 च्या खाली येणार कसं? इन्व्हर्टरला ते चालतं, पण बॅटरी 25-30 ला ठेवायची तर चिलर, म्हणजे फ्रिजसारखं पाणी गार करणारं यंत्र, लागतोच. यावर काही जण म्हणतात की तुम्ही खर्च वाढवताय. आम्ही चिलर विकत नाही, आणि तो दिवसात किती तास चालेल, बॅटरीतली किती वीज खाईल, हे रिपोर्टमध्ये लिहूनच देतो.

पंपाचा अंदाज हवा असेल तर 10 किलोवॅट उष्णता 5 अंशांच्या फरकाने काढायला साध्या पाण्याला मिनिटाला 29 लिटर लागतात, पाण्यात निम्मं ग्लायकॉल (अँटीफ्रीझ) असेल तर सुमारे 34.

तर आम्हाला चार्जिंगसकट निदान चार दिवसांचा सेकंदासेकंदाचा लॉग पाठवा, सरासरी आम्हीच काढू. लॉग नसेल तर आमचा माणूस लॉगर बसवून जाईल, त्याचं भाडं वेगळं, पण मॉडेलिंगचं काम आमच्याकडे दिलंत तर ते बिलात वळतं करून देतो.