अंगठा की मनगट?

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत गेमपॅड हा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. टीव्ही गेमच्या डब्याला वायरीनं जोडलेलं ते चपटं यंत्र म्हणजे ‘रिमोट’. डावीकडे काळी फुली, उजवीकडे लाल बटणं. एका मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या रिमोटची डावी दिशा बसली. मारिओ पुढे धावायचा, उड्या मारायचा, पण मागे फिरायला तयार नाही. शेवटी थोरल्या भावानं स्क्रू काढले. आत सर्किटची पट्टी, तिच्यावर दोन कंगवे एकमेकांत अडकवावेत तशा काळ्या रेघा आणि वर रबराचं झाकण. झाकणाच्या पोटाला काळ्या टिकल्या. भावानं डावीकडच्या टिकलीला चॉकलेटची चांदी डकवली, डबा बंद केला आणि मारिओ मागे फिरला. आठवडाभरात चांदी निसटली, तो भाग वेगळा.

ती टिकली कार्बन मिसळलेल्या रबराची असते. बटण मोकळं असताना त्याच्या तारेवर एका मोठ्या रोधामार्फत ५ व्होल्ट आलेले असतात. दाबलं की टिकली दोन्ही कंगवे जोडते, तार ग्राउंडला मिळते आणि व्होल्टेज शून्याजवळ येतं. कार्बन झिजला, रेघांवर घामाची पुटं चढली की टिकलीचा रोध वाढत जातो. तो मोठ्या रोधाच्या बरोबरीला आला की त्या ५ व्होल्टची निम्मी-निम्मी वाटणी होते. मग चिपला कळत नाही, बटण दाबलंय की मोकळं आहे. चांदीचा रोध नगण्य, म्हणून भावाचा जुगाड चालला.

खेळायला बरं काय, अंगठ्यानं दाबायची ही फुली की मनगटानं हलवायची जॉयस्टिक? ते बघायला याच्या शेजारी अटारी कंपनीची जॉयस्टिक उघडून ठेवू. अटारीचं प्रसिद्ध कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, अमेरिकेत १९७७ साली आलं. काळा चौकोनी ठोकळा, मधोमध उभा दांडा, कोपऱ्यात एक लाल बटण. जत्रेत पत्र्याची टिकटिकी मिळायची, आठवते? फुगीर पत्रा दाबला की ‘टिक’ करून आत जातो, सोडला की उसळून वर येतो. अटारीच्या दांड्याखाली तशाच चार चिमुकल्या टिकटिक्या बसवलेल्या असतात, वर-खाली-डावी-उजवी अशा. दांडा ज्या बाजूला कलेल, तिकडची टिकटिकी दाबली जाते.

म्हणजे दोन्हींच्या पोटात दिशांचे चारच स्विच. दांडा तिरका केला किंवा फुलीवर कोपऱ्यात अंगठा ठेवला तर शेजारचे दोन स्विच एकदम लागतात आणि आठ दिशा मिळतात. ‘जॉयस्टिक जास्त अचूक’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, तेव्हा मला हे चार स्विच दाखवावेसे वाटतात. कन्सोलला तुमच्या हातात दांडा आहे की फुली, याचा पत्ताच नसतो.

निरोप पोचवायची तऱ्हा मात्र वेगळी. अटारीत प्रत्येक दिशेला स्वतंत्र तार. दोन खेळाडूंच्या मिळून आठ दिशा एका बाइटमध्ये, म्हणजे आठ हो-नाहींच्या खणात, बरोबर मावतात, प्रोग्रामरनं तो बाइट वाचला की झालं. निनटेंडो या जपानी कंपनीच्या पॅडवर दिशा धरून आठ बटणं, एवढ्या तारा ओढणं महागात पडलं असतं. त्यांनी पॅडमध्ये ४०२१ नावाची एक स्वस्त चिप घातली. ती शाळेतल्यासारखी हजेरी घेते. कन्सोलचा पहिला इशारा आला की सगळ्यांनी आहे तिथं थांबायचं. मग प्रत्येक ठोक्याला एकेकानं ‘हजर’ म्हणायचं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावी, उजवी. पाच तारांत काम भागतं. ही हजेरी साधारणपणे सेकंदाला ६० वेळा होते. आमच्या रिमोटवर टर्बो बटण होतं, धरून ठेवलं की गोळ्या आपोआप सुटत राहायच्या. त्याची मर्यादाही यातच आहे. एक गोळी सुटायला एका हजेरीत बटण दाबलेलं आणि पुढच्या हजेरीत सुटलेलं दिसायला हवं. म्हणजे सेकंदाला फार तर ३० गोळ्या, टर्बो कितीही पिसाळलेला असला तरी.

खरा फरक पडतो तो तरफेमुळे. दांडा ६ सेंटिमीटर उंच आहे आणि प्रत्येक बाजूला १० अंश कलतो असं धरा. त्याचं टोक एका बाजूला सुमारे १ सेंटिमीटर सरकतं. डावीकडून उजवीकडे जायचं तर २ सेंटिमीटरचा प्रवास, तोही अख्खा हात घेऊन. फुलीचा हात दाबला जातो जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि हलायचं असतं ते फक्त अंगठ्याचं पेर. कड्याच्या टोकावर थांबून उलटं वळायचं असेल, तर हा फरक जीव वाचवतो. उडी मारायच्या खेळांना पॅडच हवा, असं माझं ठाम मत आहे.

तरफेचा दुसरा त्रास बैठकीचा. दांड्याच्या टोकाला ढकललं की ठोकळा उलटायला बघतो. अटारीवाले तो डाव्या तळव्यात धरून डाव्या अंगठ्यानं बटण दाबत आणि उजव्या हातानं दांडा हलवत. उलटू पाहणाऱ्या ठोकळ्याला डावं मनगट तासन्‌तास आवरून धरायचं. क्विकशॉट नावाच्या जॉयस्टिकला म्हणून तर बुडाशी रबरी चोषक लावलेले असत. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या यंत्राला ही अडचण नाही, ते कपाटाएवढं जड असतं. गंमत म्हणजे निनटेंडोच्या पॅडनं हातांची अदलाबदल केली. दिशा डाव्या अंगठ्याकडे, बटणं उजव्याकडे.

फुलीचा जन्मही अडचणीतूनच झाला. निनटेंडोचे गुनपेई योकोई यांना १९८२ साली डाँकी काँगचा खेळ पुस्तकासारख्या मिटणाऱ्या खिशातल्या यंत्रात बसवायचा होता. उभा दांडा ठेवला तर झाकण लागणार कसं? त्यांनी चार दिशा एका चपट्या फुलीत बसवल्या. पुढच्या वर्षी जपानात निनटेंडोचं फॅमिकॉम हे कन्सोल आलं. त्याच्यासाठी आधी जॉयस्टिकचाच विचार होता, पण जमिनीवर पडलेल्या दांड्यावर पोराचा पाय पडला तर तो मोडेल ही धास्ती होती. शेवटी तिथंही फुलीच आली. आमचा रिमोट त्याच फॅमिकॉमच्या नकलेचा.

फुलीच्या मधोमध खाली एक टेंगूळ असतं, आणि सगळं शहाणपण त्यात आहे. सी-सॉसारखी फुली त्यावर डोलते, त्यामुळे डावी दबली की उजवी उचलली जाते. जुन्या खेळांत दोन विरुद्ध दिशा एकदम आल्या तर काय करायचं, हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसे. निनटेंडोच्या झेल्डा या खेळाच्या दुसऱ्या भागात डावी-उजवी एकत्र दिली तर नायक भलत्याच वेगानं घसरत सुटतो. दांडा एकाच वेळी दोन्हीकडे कलूच शकत नाही, तिथं निसर्गच राखण करतो. स्वस्त नकली पॅडमध्ये मात्र ते टेंगूळ झिजलं की फुली बसते आणि अंगठ्याच्या दाबानं चारही दिशा लागतात.

मग जॉयस्टिकचं राज्य कुठं? मारामारीच्या खेळात. खाली, खाली-पुढे, पुढे असा पाव वर्तुळाचा वळसा सलग घ्यायचा असतो. दांड्याभोवती चौकोनी किंवा अष्टकोनी खिडकी असते, तिच्या कडेला टेकवून दांडा फिरवला की तिरकी दिशा आपोआप सापडते. खाली मायक्रोस्विच असले तर प्रत्येक दिशेची ‘टक’ कानालाही कळते. पॅडवर तोच वळसा अंगठ्याची कातडी घासून घ्यावा लागतो. तासाभरात फोड.

फोडांवरून निनटेंडो ६४ आठवतं. १९९६ च्या या कन्सोलनं पॅडच्या मधोमध अंगठ्यापुरती छोटी काडी बसवली. हिच्याखाली स्विच नाहीत. खाचा पाडलेल्या दोन चकत्या फिरतात, खाचांतून उजेड जातो आणि तुटतो, आणि किती वेळा तुटला ते मोजून काडी किती कलली हे ठरतं. मोजणी सुरू होते कन्सोल चालू करतानाच्या जागेपासून. तेव्हा काडीला बोट लागलेलं असेल तर तेच मध्य समजलं जातं, आणि नायक आपला एका बाजूला चालत राहतो. शिवाय काडीची पाळ प्लॅस्टिकच्या वाटीत घासून पांढरी भुकटी पडते आणि वर्षा-दोन वर्षांत काडी ढिली होते.

त्यात मारिओ पार्टी हा खेळ आला. त्यातल्या काही छोट्या खेळांत काडी गरगर फिरवायची असे, जो जास्त फिरवेल तो जिंकला. अंगठा तेवढा पळेना, म्हणून पोरांनी तळहात काडीवर दाबून फिरवायला सुरुवात केली. तळहात सोलवटले, तक्रारी न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेल्या. २००० साली निनटेंडोनं त्या खेळाच्या अमेरिकी गिऱ्हाइकांना हातमोजे द्यायचं कबूल केलं, घरटी चारपर्यंत.