सिस्टरने मोजलेलं बीपी आणि डॉक्टरांनी मोजलेलं बीपी

उपकेंद्रातून बीपी तपासून आल्यावर "डॉक्टर नव्हतेच, सिस्टरनेच बघितलं" असं कुरकुरत तालुक्याच्या दवाखान्यात पुन्हा मोजून घेणारे पुष्कळ जण असतात. तिथे आकडा जास्त आला की त्यांची खात्रीच पटते, सिस्टरला नीट जमलं नाही. बऱ्याचदा फसवा असतो तो दुसरा आकडा.

एकाच माणसाचं बीपी डॉक्टर आणि नर्स दोघांनी मोजलेले बरेच अभ्यास २०१४ मध्ये एकत्र करून तपासले गेले. डॉक्टरांच्या हातून वरचं बीपी सरासरी ७ मिमी पाऱ्याने जास्त भरलं, खालचं जवळपास ४ ने. यात डॉक्टरांच्या हाताचा दोष नाही. डॉक्टर समोर आले की शरीर सावध होतं, ॲड्रेनलिन सुटतं, नाडी वाढते, बारीक रोहिण्या आवळतात. नर्ससमोरही हे होतं, पण कमी.

दुसरी गडबड हाताच्या उंचीची, आणि ती शुद्ध शाळेतली भौतिकी आहे. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो, आणि रक्त द्रवच. पट्टा हृदयाच्या पातळीखाली १० सेंमी गेला, तर १०० मिमी उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा भार मापात येऊन बसतो. रक्ताची घनता पाण्याच्या १.०६ पट, पाऱ्याची १३.६ पट. १०० ला १.०६ ने गुणून १३.६ ने भागा, उत्तर ७.८ मिमी पारा. एवढं बीपी नुसत्या लोंबत्या हाताने 'वाढतं'. हात वर उचलला तर तेवढंच उतरतं. २०२४ च्या एका अमेरिकी चाचणीत टेबलावर टेकवलेल्या हातापेक्षा मांडीवरच्या हाताचं वरचं बीपी ३.९ ने आणि बाजूला सोडलेल्या हाताचं ६.५ ने जास्त आलं. आता गंमत म्हणून बेरीज करा: खरं बीपी १३२, त्यात डॉक्टरांचे ७, मांडीचे ४. झाले १४३. १४० ची रेघ ओलांडली, आणि धडधाकट माणूस पेशंट झाला. (प्रत्यक्षात या चुकांची अशी सरळ बेरीज होईलच असं नाही, पण दिशा हीच.)

म्हणून मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, लघवी करून आलेलं. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही आणि मिश्रीही नाही. मिश्रीत निकोटिन असतं हे सांगितल्याशिवाय बायका ती तंबाखूत धरत नाहीत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोनेक बोटं वर. ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळली तर तीच दंड आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून काढलेला बरा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढायची. पट्ट्यातला फुगा दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब हवा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा फुगतो, काडीसारख्या दंडाला मोठा लावला तर खरं बीपी लपतं. यंत्राबरोबर येणारा मधल्या मापाचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेरासाठी असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढा एकच असतो.

हे सगळं करायला लागतो वेळ, आणि तो बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत नसतो. ३ ते ५ हजार वस्तीच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे, म्हणजे सीएचओकडे, तो थोडा जास्त असतो. बहुतेक सीएचओ नर्सिंगमधून आलेले असतात. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरही आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये सुरू केलेली 'नर्स प्रॅक्टिशनर', म्हणजे वरचं शिक्षण घेतलेली नर्स, याहून वेगळी. तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत ती स्वतंत्रपणे औषधं लिहिते. आपल्याकडे निदान आणि पहिली चिठ्ठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची. सीएचओ दर महिन्याला मोजतो, तीच गोळी पुढच्या ३० दिवसांची देतो, आकडा हलेना तर परत पाठवतो. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत २०१७ च्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमापासून औषधांच्या पायऱ्या लिहून ठरलेल्या आहेत, त्यामुळे अंदाजाला जागा कमी. नर्सने प्राथमिक उपचार सांभाळलेल्या १८ चाचण्यांचा आढावा २०१८ मध्ये निघाला. त्यातही बीपी डॉक्टरांच्या तोडीचं, किंबहुना किंचित बरंच आटोक्यात राहिलेलं दिसलं.

सैंधवाने बीपी वाढत नाही असं कुणी फॉरवर्ड केलं तर ऐकू नका, तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. चुंबकाचं कडं मनगटावर बांधून फायदा एकट्या विकणाऱ्याला.

बॅटरीच्या यंत्राची एक मर्यादा मात्र खरी. ते पट्ट्यातल्या दाबाच्या हेलकाव्यांवरून हिशेब मांडतं. सर्वांत मोठा हेलकावा सरासरी दाबाजवळ येतो, आणि वरचा-खालचा आकडा यंत्र त्यावरून अंदाजते. नाडीच अनियमित असेल तर हेलकावे वेडेवाकडे येतात, यंत्र 'एरर' दाखवतं किंवा दर वेळी वेगळाच आकडा. अशा वेळी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, स्टेथोस्कोप लावून हाताने बीपी बघायचं आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करायचा. बीपी १८०/११० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा तोंड वाकडं, तर आधी १०८.