महिनोन्महिने बंद राहणारा मोठा प्रिंटर: शाई आत ठेवायची की काढायची?

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागू झाली आणि फ्लेक्स-बॅनरच्या दुकानांतली मोठी प्रिंटिंग यंत्रं जशी होती तशी शटरच्या आड राहिली. नळ्यांत शाई, डॅम्परमध्ये (हेडच्या आधीच्या, शाई गाळणाऱ्या छोट्या डबीत) शाई, थेंब उडवणाऱ्या हेडमध्ये शाई. काही आठवडे शांतपणे पडून राहिलेल्या यंत्राचं काय होतं, हे त्या काळात या धंद्यातल्या पुष्कळांना पहिल्यांदाच जवळून पाहायला मिळालं.

एरवीही अशी वेळ येते. लग्नसराई संपते, पाऊस सुरू होतो, गणपतीपर्यंत काम पातळ असतं. कुणी दुकान हलवतं, कुणाचं आजारपण निघतं, कुणी नवं यंत्र घेतल्यावर जुनं बाजूला ठेवतं. अशा वेळी बहुतेकांचा कल 'बंद करून झाकून ठेवू' याकडे असतो. पण बटण दाबल्यावर थांबतं ते यंत्र. आतली शाई सुकत राहते, तळाशी बसत राहते आणि काही प्रकारांत रासायनिकदृष्ट्या बदलतही राहते. म्हणून माझं ठाम मत असं की रस्ते दोनच आहेत. सुट्टी दोन-तीन आठवड्यांची असेल तर यंत्र अधूनमधून चालवत राहावं, आणि काही महिन्यांची असेल तर शाई पूर्ण काढून टाकावी. अर्धवट केलेलं काम सगळ्यांत महाग पडतं.

हे समजायला आधी नोझलचा, म्हणजे हेडमधल्या शाई उडवणाऱ्या बारीक छिद्राचा, आकार डोळ्यांसमोर आणायला हवा. इको-सॉल्व्हंट (सौम्य रासायनिक द्रावकातली शाई वापरणाऱ्या) यंत्रांत वर्षानुवर्षं चालत आलेलं एप्सनचं डीएक्स-५ हेड घ्या. त्यात १८० नोझलच्या ८ रांगा, म्हणजे एकूण १,४४० छिद्रं असतात. अशा हेडमधलं एकेक छिद्र साधारण वीस-पंचवीस मायक्रॉनचं असतं. माणसाचा केस सरासरी सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. त्यातून उडणारा थेंब मोजायला पिकोलिटर हे माप लागतं, आणि एका मिलिलिटरमध्ये एक अब्ज पिकोलिटर मावतात.

या छिद्राच्या तोंडाशी शाईचा एक आत वळलेला पडदा असतो. मागच्या बाजूने किंचित ओढ ठेवलेली असते, म्हणून शाई गळत नाही, आणि पृष्ठताणामुळे ती आतही सरकत नाही. हा पडदा थेट हवेला लागतो. पाण्यावर आधारलेल्या शाईतलं पाणी तिथून उडतं आणि मागे ग्लिसरीन, ग्लायकॉल, रंगाचे कण आणि ते कण धरून ठेवणारं रेझिन उरतं. शाई लवकर सुकू नये म्हणूनच ग्लिसरीन घातलेलं असतं, पण पाणी गेल्यावर तेच अडचण होऊन बसतं. २० अंश सेल्सियसला पाण्याचा दाटपणा सुमारे १ सेंटिपॉइज असतो, तर शुद्ध ग्लिसरीनचा १,४००. हेडला थेंब उडवता येतो तो जेमतेम दहा-बारा सेंटिपॉइजपर्यंतच्या शाईचा. म्हणजे शाई कडक होऊन नोझल बुजायची वाटच पाहावी लागत नाही. ती थोडी घट्ट झाली तरी काम थांबतं.

त्यात पिझो हेडचा स्वभाव आणखी वेगळा. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. पिझो हेडमध्ये हाच गुण उलटा वापरतात. विजेचा झटका दिला की सिरॅमिकची भिंत अगदी सूक्ष्म प्रमाणात वाकते आणि शाईला धक्का बसतो. हा धक्का नेमका असतो, पण त्यात जोर फारसा नसतो. सुकलेली गुठळी तो बाहेर फेकू शकत नाही. आणि नोझलमागच्या शाईच्या कोठडीत हवेचा बुडबुडा असेल तर सगळा धक्का तो बुडबुडा दाबण्यातच जिरतो. थर्मल हेडमध्ये शाई क्षणभर तापवून वाफेचा फुगा करतात आणि त्याच्या जोरावर थेंब उडतो. एचपी आणि कॅननच्या अनेक प्लॉटरमध्ये हीच पद्धत आहे, आणि त्यांतली बरीच हेड ग्राहकाला स्वतः बदलता येतात. त्यामुळे आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या प्लॉटरसाठी माझा सल्ला साधा आहे: वीज चालू असेल तर त्याला स्लीपमध्ये राहू द्या, तो आपली देखभाल आपण करत राहतो. आठवड्याला सगळ्या रंगांची एक पट्टी छापा. फ्लेक्सच्या यंत्राची गोष्ट निराळी, कारण तिथलं पिझो हेड हा यंत्रातला सर्वांत महागड्या भागांपैकी एक असतो.

शाई तळाशी बसते तो भाग मला सर्वांत रंजक वाटतो. रंगाचे कण द्रवात विरघळलेले नसतात, तरंगत असतात. त्यांचा खाली जाण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर आणि घनतेतल्या फरकावर ठरतो. हा स्टोक्सचा नियम. १०० नॅनोमीटरचा, पाण्याच्या दीडपट घनतेचा रंगकण ३ सेंटिपॉइजच्या शाईत धरला, तर हिशोब दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी येतो. त्यात रेणूंच्या धक्क्यांनी तो पुन्हा वर ढकलला जातो, म्हणून साधे रंग बराच काळ टिकून राहतात. आता पांढरी शाई घ्या. तिच्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या चौपटीहून जास्त, कण अडीचशे नॅनोमीटरच्या आसपास. तोच हिशोब दिवसाला सुमारे ३ मिलिमीटरवर जातो. महिनाभरात जवळजवळ दहा सेंटिमीटर! बारीक नळीच्या आडव्या भागात एवढं अंतरही नसतं. तिथे पांढरा गाळ नळीच्या तळाला चिकटतो आणि नंतर किती हलवलं तरी सगळा सुटत नाही. पांढरी शाई असलेलं यंत्र महिनाभरही तसंच ठेवू नये.

शाई सुकल्यावर पुन्हा विरघळेल का, हे तिच्या प्रकारावर ठरतं. इको-सॉल्व्हंट शाईतलं व्हिनाइल रेझिन त्याच जातीच्या द्रावकात बऱ्याच अंशी परत विरघळतं, म्हणून थोडी आशा असते. लॅटेक्स शाईतले रेझिनकण एकदा एकमेकांत मिसळून थर झाले की पाण्याला दाद देत नाहीत. यूव्ही शाईचं तर वेगळंच: ती सुकत नाही, अतिनील (यूव्ही) प्रकाशाने तिच्या रेणूंच्या साखळ्या जुळतात. या साखळ्या आपोआप जुळू नयेत म्हणून घातलेलं रसायन काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो. त्यामुळे अशा शाईचे डबे काठोकाठ भरत नाहीत, वर हवेला जागा सोडतात. ऊन आणि उष्णता दोन्ही तिला वर्ज्य.

मग प्रत्यक्ष काय करायचं? इको-सॉल्व्हंट यंत्र डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

सुरुवात नोझल चेकने, म्हणजे प्रत्येक नोझलची रेघ छापून पाहण्याने करा. हेड आधीच अर्धं बुजलेलं असेल तर ते तसंच झोपवू नका, आधी नीट करून घ्या. चेकचा कागद तारीख टाकून यंत्रातच ठेवा. परत चालू करताना तुलना करायला तोच एक खरा पुरावा असतो. मग शाईच्या नळ्या टाकीतून काढून त्याच शाईसाठी बनलेल्या फ्लशिंग द्रवात टाका आणि पंपाने ओढत राहा. नळी स्वच्छ दिसली म्हणजे काम झालं असं समजू नका. डॅम्परच्या जाळीत शाई दडून बसते, म्हणून बाहेर येणारा द्रव पांढऱ्या कापडावर टिपून पाहा. रंग यायचा थांबेपर्यंत फ्लश चालू ठेवा. डॅम्पर जुने असतील तर आता काढून टाका आणि परत चालू करताना नवे बसवा.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. फ्लशिंगचा द्रव तिखट असतो, त्याचं काम विरघळवणं. तोच महिनोन्महिने हेडमध्ये ठेवला तर आतले चिकट जोड आणि रबर यांच्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणून तो काढून साठवणीसाठी असलेला सौम्य द्रव भरावा, जो हळू उडतो आणि उडाला तरी मागे काही ठेवत नाही. कोणता द्रव, हे हेड बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत पाहावं. काही यंत्रांच्या मेन्यूत दीर्घकाळ साठवणीचा वेगळा पर्यायही असतो. असेल तर तोच वापरा.

डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवा, असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. सॉल्व्हंट यंत्रात तो थेट घातक आहे. पाणी लागताच उरलेल्या शाईतलं रेझिन बाहेर पडून त्याच्या गुठळ्या होतात. पाण्याच्या शाईच्या यंत्रातही नुसतं पाणी पुरेसं नाही. ते उडून जातं, त्यात बुरशी धरते, आणि त्याचा पृष्ठताण शाईच्या दुप्पट असल्याने ते बारीक वाटांमध्ये नीट पसरत नाही. थिनर किंवा अॅसिटोन तर हेडच्या जवळही आणू नका.

आता कॅपिंग. हेड पार्क होतं तेव्हा खालून रबराची कॅप त्याला घट्ट बसते आणि नोझलभोवतीची हवा दमट राहते. कॅपच्या काठावर सुकलेल्या शाईचा एक कण जरी राहिला तरी फट पडते, आणि मग बाकी सगळी मेहनत फुकट. काठ, वायपर आणि हेडच्या कडा द्रवात भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या स्वॅबने पुसा. नोझलच्या पत्र्यावर घासू नका. कॅपमध्ये साठवणीचा द्रव भरा आणि यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, म्हणजे हेड नीट पार्क होईल. भिंतीवरचं बटण त्यानंतर. हे सगळं करताना खिडकी उघडी हवी, हातात नायट्राइलचे मोजे हवेत. ग्लायकॉल ईथर कातडीतूनही शरीरात जातात. निघालेला द्रव गटारात ओतू नका. तो घातक कचरा आहे, बंद कॅनमध्ये ठेवून अधिकृतपणे उचलणाऱ्याकडेच द्यावा.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळाभर यंत्र ठेवायचं असेल तर बाहेरच्या बाजूकडेही तेवढंच लक्ष द्या. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळलं तर आत अडकलेली वाफ रात्री थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते. जाड सुती कापड टाका, रेलला पातळ तेलाचा हात द्या, तारा जातात त्या फटी उंदरांसाठी बुजवा. महिन्यातून एकदा कॅपमध्ये डोकावून द्रव कमी झाला असेल तर भर घाला.

परत चालू करताना घाई करू नका. आधी तारा तपासा, एन्कोडरची (हेड कुठे आहे ते यंत्राला सांगणारी) पारदर्शक पट्टी हलक्या हाताने पुसा, शाईची मुदत पाहा आणि डबा सावकाश हलवा. साठवणीचा द्रव पूर्ण काढून शाई भरली की पहिल्या नोझल चेकमध्ये रेघा तुटक येतील, आणि पुष्कळदा त्या बुजलेल्या नोझलच्या नसून हवेच्या बुडबुड्यांच्या असतात. लागोपाठ क्लीनिंग मारत बसलात तर आणखी हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो. हेड कॅपवर ठेवून रात्र जाऊ द्या. बारीक बुडबुडे शाईत विरघळायला तेवढा वेळ लागतो. सकाळी पुन्हा चेक काढा आणि जपून ठेवलेल्या कागदाशी ताडून पाहा. तरीही त्याच जागच्या रेघा गायब असतील, तरच सर्व्हिस इंजिनिअरला फोन करा.